अर्ध्या रंगवलेल्या खोल्या

साहेबांनी मला नोकरीवर घेतलं ते पेंटरना घालवण्यासाठी. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि पेंटरना माझ्याही आधी. मी खोक्यातून मॉनिटर बाहेर काढत होते तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्याला आमच्या हाताखाली ठिवनार का आमाला ह्याच्या?" मी नुसती हसले. तेवीस वर्षांची होते, पुण्याहून इंटिरियरचा डिप्लोमा आणि वर कंप्युटरचा कोर्स करून नगरला परतले होते, आणि सावेडीतल्या त्या ऑफिसात माझ्याइतकं शहाणं कुणी नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती.

आमचं ऑफिस घरं, दवाखाने, दुकानं आतून सजवून द्यायचं. काम सुरू होण्याआधी खोली कशी दिसेल याचं चित्र गिऱ्हाइकाला दाखवावं लागे, आणि ही चित्रं बारा वर्षं पेंटर हातानं काढत आले होते. आता ती कंप्युटरवर काढायची होती. तेव्हा पेंटरचं काय, हा प्रश्न साहेब तोंडानं विचारत नव्हते, पण तो ऑफिसभर लोंबत होता.

पेंटर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण नगरात त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. मी काका म्हणायचे. पन्नाशीचे, काटक, तिसगावचे. रोज सकाळच्या एसटीनं यायचे. ऑफिसात आले की आधी मोरीत जाऊन अंगातला शर्ट उलटा करून घालायचे, शिवण बाहेर, खिसा आत. दिवसभर त्यावर रंग उडायचा. संध्याकाळी शर्ट पुन्हा सुलटा करून ते स्टँडकडे निघायचे, आणि शेजारी बसणाऱ्याला वाटायचं, हा माणूस बँकेतून सुटलाय. गिऱ्हाइकं त्या उलट्या शर्टाकडे टकमक बघायची आणि साहेब ओशाळायचे. पेंटरना त्याचं काही नव्हतं.

त्यांना एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. उभ्यानं चित्र काढायचे आणि दर दोन-तीन तासांनी उजेडामागे टेबल ढकलत न्यायचे. सकाळी पूर्वेच्या खिडकीशी, दुपारी जिन्याच्या तोंडाशी, चारनंतर साहेबांच्या केबिनच्या अगदी दारात. फरशीवर चार पायांचं ते खरडणं ऐकून माझं डोकं उठायचं. मी एकदा वैतागून म्हणाले, "काका, ट्यूब आहे की डोक्यावर!" तर म्हणाले, "टूबीच्या उजेडात समदे रंग आजारी दिसत्यात." आणि टेबल ढकलत पुढे गेले.

तरुणपणी पाथर्डीच्या एका फोटो स्टुडिओत ते काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायचे. काडीला कापूस गुंडाळून गालांवर लाली, साडीवर काठ, नथीवर बारीकसा ठिपका. एवढं हुबेहूब, की बाया म्हणायच्या, आमच्या साडीचा खरा रंग यांना कसा कळला. मग रंगीत फिल्म आली आणि स्टुडिओला त्यांची गरज उरली नाही. "एकदा फिलमीनं हाकललं," ते मला सांगत, "आता तुमी आल्या. या, बसा." आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवत. तिचा त्यांना उपयोग नव्हताच.

त्यांची चित्रं अर्धवट असायची. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, माणूस आळशी आहे. खोलीतली एखादी वस्तू इतकी खरी की बोट लावून बघावंसं वाटे, आणि तिच्या भोवतालची अख्खी खोली नुसत्या पेन्सिलीच्या रेघांत. त्या रेघाही धड एकेरी नाहीत. एकाच कडेसाठी दोन-दोन, तीन-तीन, चाचपडत मारलेल्या, काही पुसून पुन्हा मारलेल्या.

सावेडीतल्या एका डॉक्टरांच्या फ्लॅटचं असंच चित्र होतं. बेडरूममध्ये नवं भिंतभर कपाट यायचं होतं, ते पेंटरनी सहा रेघांत उरकलं. आणि कोपऱ्यात त्यांचं जुनं लोखंडी कपाट मात्र रंगवलं होतं, दारावरच्या पोचासकट, किल्लीच्या भोकाशी उडालेल्या रंगासकट. डॉक्टरांच्या बाई भडकल्या. "हे पोच आलेलं धूड कशाला दाखवलंत? ते भंगारात जायचंय." डॉक्टर म्हणाले, "भंगारात? ते आईचं आहे." पुढचा पाऊण तास नवरा-बायको आमच्या ऑफिसात भांडले. साहेबांना घाम फुटला. पेंटर मधेमधे विचारत, "मग हितं ठिवायचं का तितं?" आणि एकेक रेघ पुसून दुसरी मारत. शेवटी कपाट आतल्या खोलीत गेलं आणि दोघंही खुशीत घरी गेले.

"असं का करता?" मी विचारलं.

"जी वस्तू घरात हाय ती खरी. तिला रंग. जी आजून आपल्या डोक्यात हाय तिला रेघ. रेघंशी मानूस भांडतो, ताई. रंगाशी कोन भांडनार?"

मला हे ऐकायला बरं वाटलं आणि पटलं मात्र नाही. मला तर सगळं रंगवायचं होतं.

चित्र काढण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या राहत्या घरी गेल्याशिवाय राहायचे नाहीत. तिथे खोलीतून खोलीत भिरभिरायचे. दुपारचं कोण कुठं लवंडतं, जेवताना कुणाची पाठ दाराकडे असते, पाहुणा आला की कोण उठून आत जातं, असलं काहीबाही विचारायचे. कधी सरळ फरशीवर उताणे पडून वर बघायचे. एका वकिलांच्या आईला वाटलं यांना फिट आली. त्या कांदा घेऊन धावल्या, तर हे पडल्या पडल्या म्हणाले, "आजी, तुमी दिसभर हितंच निजून असता ना? वरचा पंखा लई भेसूर दिसतोय हितनं." आजींनी कांदा खाली ठेवला आणि त्या पंख्याबद्दल तीन वर्षांची तक्रार बोलून टाकली.

माझं काम याच्या नेमकं उलटं. इंजिनियरचा नकाशा घ्यायचा, मापं टाकायची, भिंती उभ्या करायच्या, दिवे लावायचे आणि यंत्राच्या हवाली करायचं. एक चित्र उमटायला सात-आठ तास लागत, वरून खाली एकेक पट्टी. मधेच वीज गेली की सगळं मुसळ केरात. पेंटर येता-जाता डोकावत. "काय ताई, शिजलं का?" मी मान हलवायचे. "मंद आचंवर ठिवलंय जनू," म्हणत पुढे.

पण शिजलेलं चित्र बघून गिऱ्हाइकांची वाचाच जायची. पडद्याची चुणी, टाइल्सवर सोफ्याचं प्रतिबिंब, सगळं फोटोसारखं. दहा मिनिटांत मंजुरी. साहेब हरखले. एक दिवस केबिनमध्ये मला म्हणाले, "दिवाळीनंतर पेंटरचं बघू काहीतरी. उगाच भांडणं लावत बसतात." चार वाजून गेले होते, म्हणजे पेंटरचं टेबल दारातच होतं. मी बाहेर आले तेव्हा ते पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढत होते. टोक झालेलंच होतं, तरी काढत होते. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, कोल्हारच्या बाईंचं काम आलं. प्राथमिक शाळेत शिक्षिका, मिस्टर साखर कारखान्यात. प्रवरेच्या अलीकडे त्यांनी घर बांधलं होतं आणि दिवाळीच्या सुट्टीत राहायला जायचं होतं. साहेबांना घाई. "घर बघायला जायची गरज नाही, नकाशा आहे ना? तीन दिवसांत चित्र दे."

मी आधीच्या महिन्यातल्या एका फ्लॅटची फाइल उघडली, मापं बदलली, सोफ्याचा रंग बदलला. त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कोपऱ्यात सागवानी देव्हारा होता, कोरीव कमानीचा, आत समई. त्या समईचा उजेड लाकडावर पाडायला मला दीड दिवस लागला होता. तो काढून टाकायचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही. आमच्या घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडील कचेरीत कारकून. देव्हारा नसलेलं घर मी कधी आतून पाहिलंच नव्हतं. घर म्हटलं की तो आलाच, असं मी धरून चालले होते, आणि धरून चालले आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

बाई आणि त्यांचे मिस्टर ऑफिसात आले. मिस्टर म्हणाले, "अरे वा, फोटोच की!" बाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं बोट त्या कोपऱ्यापर्यंत गेलं आणि माघारी आलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. साहेबांनी चित्राची एक प्रत मिस्त्रींकडे पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी पेंटर पॉलिशचा रंग ठरवायला कोल्हारला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मशीनपाशी येऊन म्हणाले, "ताई, उद्या माझ्यासंगं कोल्हारला चला."

"मी कशाला?"

"तुमच्या समईला त्याल घालाया."

दुसऱ्या दिवशी एसटीत दोन तास ते दांडीला धरून उभे होते, गाडी अर्धी रिकामी असताना.

घरात भुसा, फेव्हिकॉलचा वास, मिस्त्रींची ठोकाठोक. हॉलच्या कोपऱ्यात सागवानी चौकट उभी राहिली होती, वरची कमान जमिनीवर पडली होती, अर्धी कोरलेली. बाई शाळा सुटल्यावर तशाच आल्या होत्या, खांद्याला पिशवी; मिस्टरही कारखान्यातून आले होते. आम्हाला पाणी दिलं. पेंटरनी त्यांना विचारलं, "बाई, ह्या कोपऱ्यात काय येनार हाय?"

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. "देव्हारा."

"तुमच्यात देव्हारा असतो?"

"नाही. आम्ही बौद्ध आहोत."

माझे कान तापले. आणि लाज वाटली की माणूस जसं करतो तसं मी केलं, उलट त्यांनाच विचारलं, "मग तुम्ही त्याच दिवशी बोलला का नाही?"

"मॅडम, चित्रात सगळं झालेलंच दिसत होतं. दिवासुद्धा लागलेला. झालेल्या घराला काय नावं ठेवायची?" त्या अगदी शांतपणे सांगत होत्या, आणि त्यामुळे मला जास्त लागत होतं. "हे म्हणाले, वरचं कोरीव काढून टाकू आणि त्यातच मूर्ती ठेवू. मी म्हटलं, असू दे. तीन वर्षं मी हे घर मनात मांडत होते हो. पण तुमचं बघितलं आणि वाटलं, शिकलेल्या लोकांनी ठरवलंय, तर असंच असत असेल."

मिस्त्री तिकडून म्हणाले, "मला चित्र दिलं, मी केलं. आमी कुनाला इचारावं?"

पेंटरनी माझ्या पिशवीतलं छापील चित्र काढलं, प्लायवूडच्या थप्पीवर पसरलं आणि खिशातून पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली काढली. "खिडकी बसलीय, फरशी बसलीय, दार लागलंय. त्येवढं राहू द्या," ते म्हणाले. "बाकीचं आजून कुठं झालंय?" आणि त्यांनी माझा सोफा, माझे पडदे, माझा देव्हारा, दीड दिवसाची ती समई, सगळं पांढऱ्या रंगानं पुसून टाकलं. माझी खिडकी आणि माझी फरशी मात्र फोटोसारखी लखलखीत राहिली, आणि मधे पांढरी पोकळी. रंग वाळल्यावर त्यात त्यांनी पेन्सिलीनं एक फळी काढली, मुद्दाम चुकीच्या जागी, पार छताजवळ.

"मूर्ती हितं?"

"एवढी वर कशाला?" बाई म्हणाल्या. "आम्ही खाली बसतो वंदनेला. बसल्यावर समोर दिसायला हवी."

रेघ पुसली. दुसरी खाली मारली. "अशी?"

"अजून थोडी खाली."

मग त्या बोलायला लागल्या आणि तासभर थांबल्याच नाहीत. रविवारी वस्तीतल्या बाया वंदनेला येतात, सोफा नको, भिंतीलगत बुटका बाक हवा. पुस्तकं खिडकीजवळ, कारण त्यांना उजेडात वाचायला आवडतं. स्वयंपाकघरातून हॉल दिसायला हवा. मिस्टर बायकोकडे बघत राहिले. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले. "तुम्ही कधी विचारलं?" बाई म्हणाल्या, आणि पेंटरच्या खांद्यावरून वाकून परत एक रेघ सरकवायला लावली. मिस्त्री कुरकुरले, पण देव्हाऱ्याच्या सागवानातून फळी आणि बाक बसतोय हे त्यांनीच मोजून सांगितलं.

परतीच्या गाडीत मी रडवेली झाले होते. वाटलं, आता काका साहेबांना सांगणार. पेंटर म्हणाले, "चित्र झकास हुतं तुमचं. लई झकास. म्हनून तर घोळ झाला." साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं की बाईंनी थोडे बदल सुचवलेत.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून चित्रं काढू लागलो. जे घरात आहे, जे बसून झालंय, ते मी कंप्युटरवर खरंखुरं उमटवायचे. जे ठरायचंय तिथे कागद कोरा सोडायचे आणि गिऱ्हाइकासमोर पेंटर त्यात रेघा मारायचे. लोकं भांडायची, पुसायला लावायची, चहा मागायची. काम उशिरा ठरायचं, पण ठरल्यावर मोडावं लागायचं नाही. साहेब बाहेर सांगू लागले की ही आपल्या ऑफिसची स्टाइल आहे. दिवाळी आली आणि गेली, पेंटरचं टेबल ऑफिसभर खरडत राहिलं, आणि त्या आवाजाचा मला त्रास होईनासा झाला. नोकरीतलं ते वर्ष-दीड वर्ष सगळ्यात चांगलं गेलं, हे मी आज सांगू शकते.

मग ऑफिसात स्कॅनर आला.

साहेब म्हणाले, "प्रत्येक घरी जायचं, तास तास बोलायचं, कधी संपायचं हे? लोकांना त्या रेघा आवडतात ना, मग त्या कंप्युटरात घेता येतील का?"

"येतील," मी म्हणाले. एका क्षणात म्हणाले. मला ते कोडं सोडवायची हौस आली होती, त्यापलीकडे मी काही बघितलंच नाही.

पेंटरकडे त्यांच्या कच्च्या रेखाटनांचे ट्रेसिंग कागद होते, तेरा-चौदा वर्षांचे. मी मागितले. त्यांनी नाडीनं बांधलेलं अख्खं भेंडोळं तिसगावहून आणलं. "जपून ठिवताय व्हय? बरं झालं. वाळवी लागाया लागलीवती." त्यांनी स्वतः एकेक कागद तळहातानं सरळ करून काचेवर ठेवून दिला. दोन दिवस ते माझ्या शेजारी उभे होते. कशासाठी घेतेय हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

स्टेशन रोडवरच्या एका लॉजच्या रिसेप्शनचं चित्र मी त्या रेघा वापरून केलं. अर्धं फोटोसारखं, कडेला पेन्सिलीच्या चाचपडत्या रेघा, पुसल्याचे डागसुद्धा. हातानं काढलेलं नाही हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी प्रिंट घेऊन पेंटरना दाखवायला धावले. हो, धावले. कौतुक होईल असं वाटलं होतं मला.

त्यांनी कागद उजेडात धरला. "ही रेघ कुनाला इचारून मारली?"

"कुणाला विचारायचं, काका? तुमचीच आहे ती."

"माझी हाय ते दिसतंय. हितं कोन काय बोललं म्हनून ती दोनदा मारलीय?"

"कुणी नाही."

"मग दोनदा का?"

त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज ऑफिसात कुणी ऐकला नव्हता. "समदं ठरवून बसलाय तुमी, अन् वरून इचारल्याचं सोंग! त्यापरीस तुमची समई बरी हुती, ताई. ती खोटी हुती, पन सोंग तरी न्हवती करत."

साहेब केबिनमधून बाहेर आले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "पेंटर, आठवड्यातून दोन दिवस या. चित्रं तपासून द्या."

"काय तपासू? माझ्या रेघा माझ्यावानी दिसत्यात का न्हाई ते?"

त्या दिवशी ते दुपारच्याच गाडीनं गेले आणि पुन्हा आले नाहीत. मी साहेबांना एक शब्द बोलले नाही. नोकरी जाईल म्हणून नव्हे. मला आतून खरंच वाटत होतं की माझं चित्र चांगलं झालंय. त्याची लाज मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

काही महिन्यांनी मी तिसगावला गेले. पेंटर एका टेम्पोच्या मागच्या फळीवर मालकाच्या पोरींची नावं रंगवत होते, मालक शेजारी उभा राहून अक्षर मोठं करा, बारीक करा असं सांगत होता, आणि ते फडक्यानं पुसून पुन्हा काढत होते. चहा मागवला. मी माफी मागायला गेले होते, पण ते जिभेवर येईना. त्यांनीच विचारलं, "आजून भांडत्यात का गिऱ्हाइकं?"

"भांडतात की," मी खोटंच म्हणाले.

"मग ब्येस," म्हणाले आणि कुंचला उचलला.

परत आले ती ते खरं करायचं असं मनाशी ठरवूनच. दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं, नवा बंगला. मी चित्र समोर ठेवलं आणि म्हणाले, "ह्या रेघा आहेत ना, तिथलं अजून काहीच ठरलेलं नाही. तुम्ही बोला. सगळं बदलता येईल."

दोघंही वाकून बघत राहिले. बाई म्हणाल्या, "नाही नाही, रेघा तर फारच सुंदर दिसतात. बदलू नका हं." त्यांच्या मिस्टरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि मला विचारलं, "सही कुठे करू?"